मामांचे तीस लाख दिनार: इराकी चलनाचे पुनर्मूल्यांकन खरोखर होऊ शकते का?

पागोळी

माझे थोरले मामा निवृत्त अभियंते आहेत. नोकरीची जवळजवळ तीस वर्षे टेक्सासमध्ये काढून चार वर्षांपूर्वी ते मामींसह कायमचे पुण्याला परतले, तेव्हा सामानात एक खाकी लिफाफा होता आणि त्यात २५,००० इराकी दिनारांच्या १२० कोऱ्या नोटा होत्या. २०११ च्या उन्हाळ्यात तिकडच्या एका विक्रेत्याकडून त्यांनी हे तीस लाख दिनार ३,३०० डॉलर मोजून घेतले होते. त्यांचे म्हणणे असे की १९९० पूर्वी एका इराकी दिनाराला सुमारे ३.२२ डॉलर मिळत असत. युद्ध आणि निर्बंध यांमुळे दर कोसळला. इराककडे तेल अमाप आहे, म्हणून आज ना उद्या तिथले सरकार दिनाराचे पुनर्मूल्यांकन करून जुना दर परत आणणार. तसे झाले तर लिफाफ्यातल्या नोटांचे ९६ लाख ६० हजार डॉलर होतात. या घटनेला दिनार बाळगणाऱ्यांच्या त्यांच्या गटात ‘आरव्ही’ (रिव्हॅल्युएशन, म्हणजे पुनर्मूल्यांकन) म्हणतात आणि ती गेली कित्येक वर्षे येत्या शनिवार-रविवारवर येऊन ठेपलेली आहे.

इथवर आम्ही घरचे हसत होतो. आता मात्र मामांनी आठ लाखांची मुदतठेव मोडून आणखी दिनार घ्यायचे मनात आणले आहे. मोबाइलवरच्या एका गटातला कोणी गृहस्थ नोटा घरपोच देतो म्हणे. तेलशुद्धीकरणाच्या प्रकल्पांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना आकडेमोड मी काय शिकवणार? म्हणून इथल्या जाणकारांना विचारते. असे पुनर्मूल्यांकन होऊ शकते का, होऊ शकत नसेल तर नेमके कशामुळे, आणि भारतात बसून या नोटा विकत घेणे कायद्यात बसते का? ‘ही फसवणूक आहे’ एवढे उत्तर माझ्याकडेही आहे, पण ते मामांपुढे टिकत नाही.

तिसरे_दशमान

मामांचा पहिला आकडा खरा आहे, आणि वादाला सुरुवात करताना तो मान्य करावा. १९९० पूर्वी इराकी दिनाराचा अधिकृत दर ३.२ डॉलरच्या आसपास होता. अडचण अशी की ज्या दिनाराला तो दर होता तो दिनार आणि लिफाफ्यातला दिनार यांचे नाव तेवढे एक आहे. निर्बंधांच्या काळात सद्दाम हुसेन यांच्या सरकारने तूट भरून काढण्यासाठी नोटा छापल्या, त्या इतक्या की २००३ मध्ये नवे चलन आले तेव्हा एका डॉलरला सुमारे दोन हजार दिनार पडत होते. दर कोसळला तो युद्धाने झोडपल्यामुळे कमी आणि नोटांची संख्या शेकडो पटींनी वाढल्यामुळे जास्त. त्या वाढलेल्या नोटा लोकांच्या खिशात असेपर्यंत जुना दर परत येण्याला जागाच नाही.

मामांना गुणाकार आवडत असेल तर लिफाफ्याचा करू नका, सगळ्या देशाचा करा. इराकमध्ये लोकांच्या हाती आणि बँकांत मिळून सुमारे १०० लाख कोटी दिनारांच्या नोटा आहेत. त्यांना ३.२ ने गुणले तर ३२० लाख कोटी डॉलर होतात. सगळ्या जगाचे वर्षभराचे एकूण उत्पन्न १०० लाख कोटी डॉलरच्या आसपास आहे. म्हणजे ‘आरव्ही’ झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इराकी लोकांच्या नुसत्या नोटांची किंमत जगाच्या तीन वर्षांच्या कमाईएवढी व्हायला हवी.

आता हाच हिशेब उलट्या बाजूने करा. इराकच्या मध्यवर्ती बँकेची परकीय चलनाची गंगाजळी १०० अब्ज डॉलरच्या, म्हणजे १०,००० कोटी डॉलरच्या आगेमागे आहे. १०० लाख कोटी दिनारांना १०,००० कोटी डॉलरनी भागले तर एका डॉलरला हजार दिनार येतात. अधिकृत दर १,३०० आहे. म्हणजे गंगाजळीचा शेवटचा डॉलर नोटांपुढे मांडला तरी दर फार तर हजारापर्यंत येईल. दिनार दडपून ठेवलेला आहे, हा जो समज पसरवला जातो तो या एका भागाकारातच संपतो.

आणखी एक गोष्ट मामांसारख्या तेलक्षेत्रातल्या माणसाला लगेच पटावी. इराकी सरकार तेल डॉलरमध्ये विकते आणि पगार दिनारात देते. पिंप ७० डॉलरला गेले तर आजच्या दराने सरकारच्या हाती ९१,००० दिनार येतात. समजा एखाद्या शिक्षकाचा पगार महिना साडेसहा लाख दिनार आहे, तर तो साधारण सात पिंपांत भागतो. एक दिनार ३.२ डॉलरचा केला की त्याच पिंपाचे २२ दिनारही येत नाहीत आणि त्याच शिक्षकाच्या पगाराला जवळजवळ तीस हजार पिंपे लागतात. इराक दिवसाला साधारण ३३ लाख पिंपे निर्यात करतो. एका दिवसाच्या सगळ्या निर्यातीतून १११ शिक्षकांचा एका महिन्याचा पगार होईल, आणि तिथे सरकारी नोकर चाळीस लाखांच्या आसपास आहेत. डिसेंबर २०२० मध्ये तेलाचे भाव पडून पगार थकू लागले, तेव्हा सरकारने दर १,१९० वरून १,४५० वर नेला, म्हणजे अवमूल्यन केले, ते याच कारणाने. तेलावर जगणाऱ्या सरकारला अडचणीत स्वस्त दिनार सोयीचा असतो.

यावर मामांच्या गटाचे ठरलेले उत्तर असेल की पगारही त्याच प्रमाणात कमी करतील. पगार, भाव, ठेवी, कर्जे असे सगळेच एका प्रमाणात कमी करायचे असेल तर त्याला पुनर्मूल्यांकन म्हणत नाहीत, शून्ये काढणे म्हणतात, आणि मग लिफाफ्यातल्या नोटांचीही शून्ये जातात. इराकच्या मध्यवर्ती बँकेने तीन शून्ये काढण्याचा विचार २०११ च्या सुमारास खरोखर बोलून दाखवला होता, तो अजून अमलात आलेला नाही. उद्या आला तर मामांच्या तीस लाखांचे तीन हजार नवे दिनार होतील आणि प्रत्येक नव्या दिनाराला सुमारे ७७ सेंट मिळतील. तुर्कस्तानने १ जानेवारी २००५ रोजी लिराची सहा शून्ये काढली तेव्हा दहा लाख जुन्या लिरांचा एक नवा लिरा झाला. त्यात जुन्या नोटा बाळगणारा कोणी श्रीमंत झाला नाही. दिनारविक्रीचा सगळा डोलारा या दोन शब्दांच्या गल्लतीवर उभा आहे, आणि ही गल्लत विक्रेत्यांकडून नकळत होत असेल असे मला वाटत नाही.

सालमिया_ते_चिपळूण

पागोळीताई, तुमच्या मामांनी अजून कुवेतचे नाव काढले नसेल तर लवकरच काढतील, म्हणून आधीच लिहून ठेवतो. या मंडळींचा लाडका दाखला असा, की १९९० मध्ये इराकने कुवेत गिळल्यावर कुवेती दिनार मातीमोल झाला, ज्यांनी तो तेव्हा स्वस्तात घेतला ते १९९१ मध्ये कोट्यधीश झाले, आणि आता तेच इराकमध्ये होणार.

त्या ऑगस्टमध्ये मी कुवेतमध्येच होतो. दोन तारखेला सकाळी जाग आली ती तोफांच्या आवाजाने. पुढे जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे विमानाने मुंबईला आलो, त्या मोहिमेत दीड लाखांहून अधिक भारतीय परत आणले गेले आणि त्यात आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातली बरीच कुटुंबे होती. इराकने कुवेती दिनार आणि इराकी दिनार यांची किंमत एकास एक ठरवून टाकली होती, वास्तविक बाजारात एका कुवेती दिनाराला कितीतरी इराकी दिनार मिळत असत. माझ्या कमरेला बांधलेल्या नोटांना अम्मानमध्ये कोणी विचारीना. त्या अर्थाने मीही नकळत सट्टेबाज झालो होतो, फरक इतकाच की मला दुसरा मार्ग नव्हता.

पण तो दिनार परत का उठला ते पाहा. कुवेतचे सरकार परागंदा असले तरी त्याची परदेशांतली अब्जावधी डॉलरची गुंतवणूक शाबूत होती. नोटांची संख्या वाढलेली नव्हती. दर सात महिने झाकला गेला होता आणि देश मुक्त झाल्यावर तो जवळजवळ जुन्याच ठिकाणी पुन्हा दिसू लागला. इराकी दिनाराची पडझड बारा-तेरा वर्षे नोटा छापून झालेली आहे, तिची याच्याशी तुलना होत नाही.

शिवाय ही मंडळी एक गोष्ट सांगतच नाहीत. २४ मार्च १९९१ रोजी कुवेतने नव्या नोटा काढल्या आणि जुन्या ठरावीक मुदतीत बदलून घेतल्या. इराकी सैन्याने कुवेतच्या मध्यवर्ती बँकेतून ज्या नोटा लुटून नेल्या होत्या, त्यांचे क्रमांक जाहीर करून त्या सरळ रद्द केल्या. त्या क्रमांकांच्या नोटा ज्यांनी स्वस्तात मिळाल्या म्हणून घेतल्या त्यांच्या हाती कागद उरला. परदेशी बसून नोटांचा गठ्ठा धरून ठेवणाऱ्याला काय मिळेल हे शेवटी नोट काढणारे सरकार ठरवते, आणि त्या सरकारला त्याच्याबद्दल आपुलकी असण्याचे कारण नसते.

जाता जाता सांगतो, १९६१ पर्यंत कुवेतमध्ये आपला रुपयाच चालत असे आणि १३⅓ रुपयांना एक या दराने तिथे दिनार आला. आखातातल्या ज्या अमिरातींनी रुपया सोडला नव्हता, त्यांच्या लोकांच्या हातातल्या रुपयाची किंमत ६ जून १९६६ रोजी दिल्लीने एका रात्रीत डॉलरला ४.७६ वरून ७.५० वर नेली. त्यांना कोणी विचारले नव्हते.

आशावादी_उजवा

वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण ते एकतर्फी वाटतात. पुनर्मूल्यांकन ही काही कपोलकल्पित गोष्ट नाही. जर्मनीने १९६१ आणि १९६९ मध्ये मार्क वर नेला. चीनने २१ जुलै २००५ रोजी युआन वर नेला. स्वित्झर्लंडने १५ जानेवारी २०१५ रोजी फ्रँकचा दर रोखून धरणारा बांध काढला आणि काही मिनिटांत तो उसळला. खुद्द इराकने ७ फेब्रुवारी २०२३ रोजी पंतप्रधान मोहम्मद शिया अल-सुदानी यांच्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाने दर १,४५० वरून १,३०० वर आणला. हे पुनर्मूल्यांकनच नव्हे काय? मग ‘अशक्य’ हा शब्द कसा वापरता येईल? माझ्याकडे दिनार नाहीत, पण एखाद्याने थोडे पैसे अशा शक्यतेवर लावले तर त्याला वेडगळ ठरवण्याची घाई मला करवत नाही.

तिसरे_दशमान

आक्षेप रास्त आहे. पुनर्मूल्यांकने होतात, आणि त्यांवर पैसे लावून लोकांनी कमावलेही आहे. पण तुम्ही दिलेल्या प्रत्येक उदाहरणातला आकडा लिहून पाहा. जर्मनी १९६१ मध्ये पाच टक्के, १९६९ मध्ये सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास. चीन २००५ मध्ये ८.२८ वरून ८.११, म्हणजे दोन टक्क्यांहून किंचित अधिक. स्विस फ्रँकची उसळी इतकी मोठी मानली गेली की काही दलाली कंपन्या त्यात बुडाल्या, आणि तीही दिवसअखेर वीस टक्क्यांच्या आतबाहेरचीच होती. मामा ज्याची वाट पाहत आहेत ती वाढ चार हजार पटींहून अधिक आहे. एकाच शब्दाखाली या दोन गोष्टी मांडणे म्हणजे गच्चीवरून उडी मारता येते म्हणून चंद्रावरही मारता येईल असे म्हणण्यासारखे आहे.

२०२३ चे उदाहरण तर मामांच्या विरुद्धच जाते. २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने इराकी बँकांच्या डॉलर-व्यवहारांची तपासणी कडक केली. इराकचा तेलाचा पैसा तिथल्या खात्यात जमा होतो, त्यामुळे बगदादमध्ये डॉलरचा तुटवडा पडला आणि अल-किफाहच्या चलनबाजारात डॉलर १,६०० दिनारांच्या पुढे गेला. तेव्हा लोकांचा राग शमवण्यासाठी सरकारने अधिकृत दर खाली आणला, तरी बाजारातला डॉलर काही १,३०० ला मिळू लागला नाही. अधिकृत दराने डॉलर मिळतो तो मान्यताप्राप्त आयातदाराला, प्रवाशाला, ठरलेल्या कारणासाठी. लिफाफ्यातली नोट विकायची असेल तर तिला बाजारातला भावच मिळणार, आणि तोही बगदादमध्ये उभे राहून विकली तर.

मामांच्या प्रत्यक्ष व्यवहाराचा हिशेबही करून टाकू. २०११ मध्ये दर साधारण १,१७० होता, म्हणजे तीस लाख दिनारांची खरी किंमत २,५६४ डॉलर होती. त्यांनी ३,३०० दिले. विक्रेत्याचा नफा तिथेच, पहिल्या दिवशी, रोखीने झाला. आज बाजारभाव १,४५० धरला तर नोटांची किंमत २,०७० डॉलरच्या आसपास येते. मात्र मामा हे रुपयांत मोजत असतील तर त्यांना फायदा दिसत असेल, कारण तेव्हा ४५ रुपयांच्या डॉलरने त्यांचे दीड लाख गेले आणि डॉलर ८५ रुपयांना धरला तर पावणेदोन लाख येतात. हा फायदा दिनाराचा नाही, आपल्या रुपयाच्या घसरणीचा आहे. त्यांनी ते ३,३०० डॉलर नुसते उशीखाली ठेवले असते तर त्याच दराने दोन लाख ऐंशी हजार झाले असते. त्यांना हाच आकडा दाखवून पाहा.

जुनी_टाकसाळ

मी नोटा जमवतो, त्यामुळे माझा रस थोडा वेगळा आहे. दिनारावरच्या सट्ट्यात लोकांना खरोखर पैसे मिळाल्याचे एक प्रकरण इराकमध्येच घडले आहे, आणि ते मामांना सांगावे असे मला वाटते, कारण त्यातून सट्टा कशावर लागतो हे कळते.

१९९० च्या निर्बंधांपूर्वीच्या इराकी नोटा ब्रिटनमध्ये उत्तम कागदावर छापल्या जात. त्यांचे ठसे स्वित्झर्लंडमध्ये तयार झाल्याचे म्हणत, म्हणून त्यांना पुढे ‘स्विस दिनार’ असे नाव पडले. निर्बंध आल्यावर त्या मिळेनाशा झाल्या आणि बगदाद सरकारने सद्दामचे चित्र असलेल्या, हलक्या कागदाच्या नोटा देशातच छापायला सुरुवात केली. मे १९९३ मध्ये जुनी पंचवीसची नोट रद्द करून थोड्या दिवसांत बदलून घ्या असे फर्मान निघाले. पण उत्तरेचा कुर्दी भाग तेव्हा बगदादच्या हाताबाहेर होता. तिथल्या लोकांना नोटा बदलता आल्या नाहीत आणि त्यांनी जुनीच नोट चालू ठेवली. म्हणजे काढणाऱ्या सरकारने नाकारलेली, मागे कोणतीही बँक नसलेली, झिजून चिकटपट्टीने जोडलेली नोट तिथे दहा वर्षे बाजारात चालली, आणि सद्दामच्या दिनारापेक्षा तिचा भाव कितीतरी वर राहिला. कारण साधे होते, ती नोट नव्याने छापणे कोणालाच शक्य नव्हते.

२००२ च्या मे महिन्यात डॉलरला अठरा स्विस दिनार पडत होते. सद्दाम जाणार अशी चिन्हे दिसू लागली तसा भाव चढत गेला आणि मे २००३ मध्ये डॉलरला सहा झाला. बँक ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे गव्हर्नर मर्व्हिन किंग यांनी २००४ च्या एका व्याख्यानात ही हकिगत सविस्तर सांगितली आहे. लोक नव्या सरकारवर पैसे लावत होते, ते या जुन्या नोटा मान्य करील या अंदाजावर. तो अंदाज खरा ठरला. १५ ऑक्टोबर २००३ ते १५ जानेवारी २००४ या तीन महिन्यांत नवा दिनार आला, तेव्हा सद्दामच्या दिनाराला एकास एक आणि स्विस दिनाराला एकास दीडशे असा बदला मिळाला.

आता पाहा, ज्या दिनाराला १९९० पूर्वी ३.२ डॉलरचा दर होता तो हाच स्विस दिनार. मामांच्या मनातल्या जुन्या दराच्या दिनाराचा हिशेब असा २००४ मध्येच चुकता झालेला आहे, आणि त्यांच्या लिफाफ्यातल्या नोटा त्यानंतरच्या आहेत.

खिडकी_क्र_चार

एका बँकेच्या परकीय चलन विभागात मी बावीस वर्षे काढली, तेव्हा कायद्यापुरते लिहितो. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ यानुसार मामांनी परदेशात राहत असताना मिळवलेले परकीय चलन भारतात परतल्यावर बाळगायला मुभा आहे. येताना ५,००० डॉलरहून अधिक किमतीच्या परकीय नोटा असतील तरच विमानतळावर घोषणापत्र भरावे लागते, आणि त्यांच्या नोटांची खरी किंमत त्याच्या निम्मीही नव्हती. त्यामुळे लिफाफ्याबद्दल काळजीचे कारण दिसत नाही.

नवी खरेदी ही मात्र वेगळी बाब आहे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीने परकीय चलन फक्त रिझर्व्ह बँकेच्या अधिकृत विक्रेत्याकडून आणि कायद्याला मान्य असलेल्या कारणासाठी घ्यायचे असते. दर वाढेल म्हणून साठवणे हे त्या कारणांत बसत नाही. मोबाइलवरच्या गटातला घरपोच देणारा गृहस्थ अधिकृत विक्रेता असण्याची शक्यता मला शून्य वाटते, आणि अशा व्यवहारात गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड घेणाऱ्यालाही होतो, हे मामांना जरूर सांगावे. शिवाय घरी आलेली नोट खरी आहे की खोटी हे पुण्यात कोण तपासून देणार? माझ्या सबंध नोकरीत माझ्या खिडकीवर एकदाच एक जण इराकी दिनार घेऊन आला होता आणि मी त्याला नम्रपणे परत पाठवले, कारण आमच्या दरपत्रकात ते चलनच नव्हते.

पागोळी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण मी हे सगळे छापून मामांना वाचायला दिले आणि त्यांनी ते हातात पेन घेऊन वाचले.

जगाच्या उत्पन्नाच्या गुणाकाराने ते हलले नाहीत, ‘हे अर्थशास्त्रज्ञ कायम असेच म्हणतात’ म्हणाले. कुवेतचा दाखला त्यांनी खरोखरच काढला, पण रद्द केलेल्या क्रमांकांची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. पिंपांच्या हिशेबाशी मात्र ते थांबले. तो त्यांनी स्वतः पुन्हा केला, पिंपाचा भाव बदलून केला, निर्यात दुप्पट धरून केला, आणि कागद घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना फोर्टातल्या एका चलन बदलणाऱ्या दुकानदाराला फोन लावून दिला. नोटा विकायच्या नाहीत, फक्त भाव विचारायचा, असे ठरले होते. तो म्हणाला, ‘काका, हे आम्ही घेत नाही. ठेवून द्या आठवण म्हणून.’ विकत द्यायला शेकडो लोक तयार आणि घ्यायला कोणीच नाही, ही बाजू त्यांनी इतक्या वर्षांत तपासलीच नव्हती, कारण त्यांना कधी विकायचे नव्हते.

मामी मला स्वयंपाकघरात म्हणाल्या की मामांना पैशांपेक्षा त्या गटाच्या संध्याकाळच्या कॉलची सवय आहे. टेक्सासमधले चार जुने सहकारी त्यात असत, त्यांपैकी दोघे आता हयात नाहीत. हे मला ठाऊक नव्हते. ठेव मोडलेली नाही. कॉल चालू आहे.

जुनी_टाकसाळ यांना एक विचारायचे होते. मामांनी परवा लिफाफ्यातली एक नोट काढून माझ्या मुलीला दिली आणि मागच्या बाजूचे शिल्प हम्मुराबीचे आहे हे समजावून सांगितले. उरलेल्या ११९ नोटांना संग्राहकांकडे काही भाव येईल का?

जुनी_टाकसाळ

खरे सांगायचे तर फारसा नाही. २५,००० ची नोट दुर्मिळ नाही, आणि जगभर लिफाफ्यांत इतक्या कोऱ्या नोटा पडून आहेत की संग्राहकाला एखादी घ्यायलाही घाई नसते. मुलीला दिलेली नोट प्लॅस्टिकच्या साध्या पाकिटात न ठेवता आम्लविरहित कागदात ठेवा, म्हणजे शाई टिकेल. मामांकडे स्विस दिनाराची एखादी नोट निघाली तर मात्र मला नक्की कळवा.